माझा पाय विमानात असतो

तिसरीत असताना ‘माझे वडील’ या विषयावर आम्हाला निबंध लिहायला सांगितला होता. माझं पहिलं वाक्य होतं, ‘माझा पाय विमानात असतो.’ दुसरं वाक्य होतं, ‘तो फक्त मे महिन्यात आणि नाताळात घरी येतो.’ गुरुजींनी वही वर्गासमोर धरून ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचली, चष्मा काढला, डोळे पुसले आणि एरवी वर्गात कधी बोलत नसत त्या मालवणीत मला विचारलं, "आणि दुसरो पाय खंय आसता गो?"

वर्ग हसून हसून बाकावरून खाली यायचा राहिला. मला काही कळेना. आम्ही ख्रिस्ती. आजी गोव्याच्या बार्देशातली, त्यामुळे आमच्या घरात वडलांना ‘पाय’ म्हणत आणि आईला ‘मांय’. आणि वडील झाले म्हणून त्यांना ‘अहो-जाहो’ करायची आमच्यात रीत नाही, पायला ‘तू’च म्हणायचं. घरात कधी कोणाचा घोटाळा झाला नाही. वडील असले की ‘पायने आणलं’ आणि अवयव असला की ‘पायाने ढकललं’, एवढा साधा फरक. पण कट्टा या जवळच्या बाजाराच्या गावातल्या मराठी शाळेत आमच्यातली मुलं दोनच, त्यातली एक मी. दहावीपर्यंत माझ्या मागे ते लागलं. मी धावताना पडले तरी कोणीतरी ओरडायचं, "पडतली नाय तर काय, एक पाय विमानात आसा तिचो!"

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. चौतीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, पण एकाचाही निबंध वर्गासमोर हसण्यासाठी वाचला नाही. तेवढं एक तरी मी बरं केलं.

आता सांगून टाकते. माझा पाय आयुष्यात कधी आकाशात गेला नाही. विमानात मात्र तो रोज असायचा. मुंबईच्या विमानतळावर विमान उतरलं, उतारू गेले, की मागच्या शिडीनं हातमोजे घातलेली चार-सहा माणसं वर चढतात. खुर्च्यांच्या खिशांतला कचरा काढतात, उशा झटकतात, संडास धुतात, गालिचा झाडतात आणि नवे उतारू यायच्या आत खाली उतरतात. त्यांच्यातला तो एक. म्हणजे माझं वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. मला ते कळायला वीस वर्षं लागली. कळलं त्या दिवशी मी जे केलं त्याची लाज मला अजून वाटते.

पाय खोटं कधी बोलला नाही, हे आधी लिहून ठेवते. "मी विमानात कामाक आसंय," एवढंच तो सांगायचा. बाकीचं सगळं आम्ही आमच्या मनानं जोडलं. वाडीतली एक काकी त्याला कप्तान म्हणायची, कोणी म्हणायचं तो साहेबांना जेवण वाढतो. तो हसायचा आणि विडी पेटवायचा. मुंबईत तो त्याच्या आजोळच्या गावच्या कुडीत राहायचा. कूड म्हणजे गावानं मुंबईत घेतलेली मोठी खोली. एकट्या पुरुषांनी भिंतीला पेट्या लावून तिथे राहायचं, संध्याकाळी मिळून प्रार्थना म्हणायची. बायकापोरांना तिथे मुक्काम नाही. त्यामुळे तो कामाला कसा जातो, काय घालून जातो, हे आमच्यापैकी कोणी कधी बघितलंच नाही.

आम्ही बघायचो ती त्याची हिरवी पत्र्याची ट्रंक. मे महिन्यात कट्ट्याच्या स्टॉपवर एसटीच्या टपावरून ती खाली यायची आणि घरी येऊन उघडली की एक वेगळाच वास सुटायचा. अत्तराचा, थोडा साबणाचा, थोडा सिगारेटचा. परदेश म्हणजे हाच वास, असं मी कित्येक वर्षं समजत होते. आत असायचं काय? कंपनीचं चिन्ह कोरलेले चमचे. हे कसे यायचे ते आम्ही विचारलं नाही. विमानांची वेळापत्रकं, गुळगुळीत कागदावर छापलेली जेवणाची कार्डं, सामानाला बांधायची रंगीत लेबलं, मुलांना देतात ते पंखांचे बिल्ले, डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या. मिठाच्या आणि साखरेच्या इवल्या पुड्या. एका कोपऱ्याला चहाचा डाग पडलेली पातळ निळी ब्लॅंकेटं.

आणि पत्ते. अख्खा कॅट कधीच नसायचा. लोक खेळता खेळता उतरायची वेळ होई, दोन-चार पत्ते खुर्चीखाली जात, तेच पायच्या वाट्याला येत. तीन-चार कंपन्यांचे मिळून त्याने आमच्यासाठी बावन्न जमवले होते. कोणाच्या पाठीवर हंस, कोणाच्या पाठीवर सूर्य, कोणाच्या नुसत्या निळ्या रेघा. त्यामुळे समोरच्याच्या हातात इस्पिकची राणी आहे हे पाठ बघूनच कळायचं, आणि मांय कधी हरायची नाही. अर्धवट पत्ते, वापरलेली लेबलं, डाग पडलेली ब्लॅंकेटं. शहाण्या माणसाला एवढ्यावरून कळलं असतं. मी शहाणी नव्हते, नुसती हुशार होते.

ट्रंकेच्या तळाशी कागदी पिशव्यांचा गठ्ठा असायचा. पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या, आतून मेणाचा हात फिरवलेल्या, वर कंपनीचं चिन्ह. उभ्या ठेवल्या तर उभ्या राहायच्या, वर दुमडायला पट्टी. मांयला त्या फार आवडत. नाताळात आमच्याकडून शेजारी फराळाची ताटं जातात, ख्रिस्ती घरांत जातात तशी हिंदू घरांतही. जवळ असतील त्यांना ताट, वर विणलेला रुमाल. लांबच्यांना मांय या पिशव्यांतून पाठवायची. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल्स. कट्ट्याच्या दुकानदाराला एक, पोस्टमनला एक, डॉक्टरांना एक, गुरुजींना, तेच दुसरा पाय विचारणारे, त्यांना एक. तेल बाहेर येत नसे, मुंग्या लागत नसत. "विमानातली पिशवी इली काय?" असं लोक नाताळच्या आधीच विचारायचे. मे महिन्यात क्रूसाकडे प्रार्थना झाली की चणेसुद्धा त्यातूनच वाटले जायचे. पायने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तो काहीतरी बोलायला गेला, मग गप्प बसला, आणि पुढच्या वर्षी त्याने दुप्पट पिशव्या आणल्या.

नोकरी लागून सहा वर्षं झाली तेव्हा मला एका प्रशिक्षणासाठी दिल्लीला पाठवलं. जिल्ह्यातून आम्ही तिघं. परतताना कुठेतरी रूळ वाहून गेले, गाड्या बंद पडल्या, आणि चार दिवस ताटकळल्यावर आयोजकांनी आम्हाला विमानाने मुंबईला पाठवलं. मला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. पायला कळवलंच नाही. संध्याकाळी टॅक्सी करून कुडीच्या दारात जायचं, त्याला खाली बोलवायचं आणि सांगायचं, "पाय, आज दोनूय पाय विमानात!" हे वाक्य मी दिल्लीपासून मनात घोळवत होते.

माझ्या शेजारी एक जाडे गृहस्थ बसले होते. विमान हललं, त्यांचा चेहरा पिवळा पडला, त्यांनी समोरच्या खिशातून आमची नाताळची पिशवी काढली, उघडली, आणि तिच्यात ओकले. मग वरची पट्टी दुमडून ती खाली ठेवली, अगदी मांय दुमडायची तशी.

मी आधी घाबरले आणि मग मला हसू आवरेना. सगळा गाव डोळ्यांसमोर आला. डॉक्टर आला, पोस्टमन आला, डोळे पुसणारे गुरुजी आले. पायला हे माहीत होतं! इतकी वर्षं पोटात ठेवून बसला! त्याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं मी ठरवलं. पुरावा म्हणून माझ्या समोरच्या खिशातली पिशवी पर्समध्ये टाकली. मांयला कोऱ्या कामी येतीलच म्हणून, विमान मुंबईला उतरल्यावर, माझे दोघे सोबती पुढे गेले तशी मी मागे राहिले आणि पुढच्या दोन ओळींतल्याही काढायला लागले. हातात पाच-सहा पिशव्या झाल्या. एवढ्यात मागच्या दारातून सफाईची माणसं आत आली.

तिसरा माणूस पाय होता.

फिकट निळा ढगळ शर्ट, हातात पिवळे रबरी मोजे, खांद्यावर काळी कचऱ्याची पिशवी. माझ्या शेजाऱ्याने ठेवलेली ती पिशवी त्याने वाकून उचलली. उभा राहिला आणि मला बघितलं. आमच्यात दोन खुर्च्यांचं अंतर होतं. मी बघितलं, त्याने बघितलं. त्याच्या मागे त्याचा मुकादम होता, माझ्या मागे हवाईसुंदरी होती, "लवकर, मॅडम, लवकर" म्हणत. माझ्या अंगावर दिल्लीसाठी खास घेतलेली साडी होती.

तो माझ्याशी जन्मात कधी बोलला नव्हता अशा मराठीत बोलला. पुस्तकी, ऑफिसातल्यासारख्या.

"मॅडम, काही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

आणि मी पुढच्या दाराने खाली उतरले.

‘बाय’ म्हणायचा तो मला. ‘जेवलंस गो बाय?’ हे त्याचं घरात शिरल्यावरचं पहिलं वाक्य असायचं. त्याने मला वाचवायला मॅडम म्हटलं, की मी त्याला ओळख देणार नाही हे माझ्या चेहऱ्यावर त्याला आधीच दिसलं, की उलट त्यालाच वाटलं असेल, या पोरीनं आपल्याला मोज्यांत आणि या शर्टात ओळखलंच नाही? हे मी इतक्या वेळा उलटसुलट केलं आहे की आता मला माझाच भरवसा नाही. एवढं खरं की मी कुडीत गेले नाही. मुंबईत मावशी होती, तिच्याकडेही गेले नाही. मिळाली ती एसटी धरली आणि रात्रभर प्रवास करून घरी आले. पिशव्या हातातच होत्या. त्या घामानं मऊ पडल्या होत्या.

पुढच्या मे महिन्यात पाय आला. "दिल्लीक जावन इलंस मगे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होय." "कशानं गेलंस?" मी म्हटलं, "गाडीन." जाताना गाडीच होती, हे खरंच होतं. तो बरं म्हणाला आणि त्याने ट्रंक उघडली.

कुमसाराला, म्हणजे पाप कबूल करायला, आम्ही पाद्रीकडे जातो. मी हेही कबूल केलं. पाद्रींनी तीन प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, देवाला सांगितलंस, आता त्याला सांग. प्रार्थना मी त्याच दिवशी म्हटल्या.

निवृत्त होऊन पाय कायमचा घरी आला तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं असेल तर काचेचं कपाट करून घेतलं. सुतार तीन दिवस राबला. तीस-पस्तीस वर्षांत आणलेलं सगळं त्यात लागलं, आणि पुढे कामावरचे जुने सोबती पाठवत गेले तेही. पायने ते फार मन लावून लावलं होतं. वरच्या फळीवर जुनं, खाली येत येत नवं. नुसतं बघत खाली आलं की विमानांचा सगळा इतिहास कळे. वर पंख्याच्या विमानांच्या काळातली जाड कागदाची कार्डं, त्यांवर पाच-पाच पदार्थ, खाली वेलबुट्टीच्या नक्षीत छापलेली तारीख. मग जेट विमानांची मोठी चकचकीत वेळापत्रकं. धातूचे काटे-सुऱ्या. खुर्चीच्या दांड्यातून निघालेली सिगारेटची छोटी राखदाणी, कारण एके काळी लोक आकाशात बसून सिगारेट ओढत. लाल कार्बनची तिकिटं. त्याखाली सुरीची जागा प्लॅस्टिकनं घेतलेली. जेवणाचं कार्ड गेलं, मग जेवणच गेलं. तिकीट कागदाच्या चिठोऱ्यावर आलं आणि शेवटच्या फळीवर जवळजवळ काहीच नाही, कारण सगळं लोकांच्या फोनमध्ये गेलं होतं आणि फोन कोणी मागे विसरत नाही. बंद पडलेल्या कंपन्यांचा त्याने वेगळा खण केला होता. त्याला तो ‘सिमितेर’ म्हणायचा, म्हणजे आमची दफनभूमी. "ही कंपनी मेली, तिचो ह्यो चमचो," असं म्हणत तो चमचा काढून दाखवायचा. तीन चमचे, एक बिल्ला, हंसाच्या पाठीचा एक पत्ता.

माझ्या शाळेची सहल दरवर्षी आमच्या घरी यायची. मीच आणायची. मला वाटायचं, तोंडानं सांगवत नाही तर निदान असं तरी करू, त्याला मान तरी मिळवून देऊ. मुलं दारापुढच्या खळ्यात रांगेनं बसायची आणि पाय एकेक वस्तू काढायचा. हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. त्याच्या गोष्टीत विमान नेहमी यायचं. "विमान इला, दार उघडला, बघतंय तर काय..." अशीच प्रत्येक गोष्टीची सुरुवात. जाणारं विमान त्याच्या एकाही गोष्टीत नव्हतं. एकदा एका मुलीनं विचारलं, "आबा, विमान हललां काय तुमका भंय वाटा नाय?" पाय म्हणाला, "माज्या येळेक विमान कधी हललांच नाय." मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा बघायला आत गेले.

मग आमच्याकडेच विमानतळ झाला. चिपीच्या माळावर. ज्या माळावर कोणी गुरंसुद्धा नाइलाजानंच नेई तिथे विमान उतरायला लागलं आणि वाडीत जो भेटेल तो पायला विचारायचा, "काय मगे, कधी बसतास? आता तर दारात इला!" पाय हसायचा. हसणं महिन्यागणिक बारीक होत गेलं. तोपर्यंत तो ऐंशीच्या पुढे गेला होता, मोतीबिंदू झाला होता, पण ताठ चालायचा. माझ्या मनानं घेतलं की याला एकदा विमानात बसवायचं. खिडकीशी. वरून आपला समुद्र, आपला किल्ला, आपलं घर दाखवायचं. आणि वर गेल्यावर, जिथून उठून जाता येत नाही तिथे, त्याचा हात धरून त्या दिवसाचं सांगायचं. दोन तिकिटं काढली, कागदावर छापून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

तो नको म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलं आहे. नको म्हणाला. मी म्हटलं, खिडकी मिळेल. "बसतत ती पॅसिंजरां," तो म्हणाला. "मी खंयचो पॅसिंजर?"

माझा स्वभाव माहीत असलेले लोक आता कपाळाला हात लावतील. मला राग आला. मदत नाकारणाऱ्या माणसाचा मला नेहमी राग येतो, आणि स्वतःचा राग आला असेल तर मी तो समोरच्यावर काढते.

"जल्मभर लोकांचां उष्टां काढलंस!" मी ओरडले. "एकदा तरी माणसासारखो बस!"

मांय दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. पायने तिकिटं उचलून नीट एकावर एक ठेवली.

"तुका कोणी सांगल्यान?" त्याने विचारलं.

रागानं नाही विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मला वाटतं, त्या क्षणी मी ‘मी बघलंय’ एवढे दोन शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. पुढचं सगळं त्यानेच सावरून घेतलं असतं.

"मांयन," मी म्हटलं.

पायने मांयकडे बघितलं. मांयने या जन्मात मला त्यातलं चकार शब्दानं काही सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं आणि म्हणाली, "होय. मी सांगलंय." पाय उठला आणि काजूच्या झाडांकडे निघून गेला.

आत चुलीपाशी मांयने मला धरलं. "खंय बघलंस त्याका?" मी सांगितलं. सगळं. पिशव्यांसकट. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्यानेच सांगितलं होतं, बघायला आला तेव्हा, की मी झाडूवाला आहे, चालत असेल तर हो म्हण. पिशव्या कसल्या तेही माहीत होतं. "कोरी पिशवी ती. कागद तो कागद. आपण तेच्यात काय भरतो ता खरां," ती म्हणाली.

"मगे माका कित्याक नाय सांगल्यात?" मी विचारलं.

"तू निबंध लिवलंस," मांय म्हणाली.

त्या वर्षी मे महिन्यात पाय मला नीट सांगणार होता. मुलगी मोठी झाली, तिला कळायला पाहिजे, असं त्यांचं दोघांचं ठरलं होतं. पण मी एसटीच्या स्टॉपवरच त्याला वही दाखवली. सगळे हसले तरी मी ते वाक्य खोडलं नव्हतं, उलट खाली दोन रेघा मारल्या होत्या. ट्रंकेवर बसून त्याने ती वही वाचली, परत वाचली. घरी येऊन मांयला म्हणाला, "तिना खोडूक नाय. आता मी कसो सांगू?" आणि त्यानंतर दर वर्षी तो ट्रंकेत माझ्यासाठी जास्त जास्त आणत गेला.

ते कपाट गावासाठी नव्हतंच. ते माझ्या एका वाक्यासाठी होतं.

मी ठरवलं, सांगायचं. त्या आठवड्यात सांगायचं. मग नाताळ झाल्यावर. मग त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. तिकिटांची तारीख निघून गेली. त्याने ती दोन्ही तिकिटं कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर, जिथे काही नव्हतं तिथे, ठेवून दिली. न वापरलेली अशी त्या कपाटात तेवढीच.

ऑपरेशननंतर नजर आली आणि डोकं जायला लागलं. आधी नावं गेली. मग वाट चुकायला लागला. चमचे काढायचा, ठेवायचा. एकदा कट्ट्याला जाणाऱ्या एसटीत चढला आणि शेवटच्या स्टॉपवर खाली न उतरता बाकांखालचे कागद गोळा करत बसला. कंडक्टर ओळखीचा, त्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. मग अंथरूण धरलं. मांय त्याच्याशी मालवणीत बोलली की तो तेवढ्यापुरता इथे यायचा, तिला नावानं हाक मारायचा. माझ्याशी मात्र तो मराठीत बोलायला लागला. स्वच्छ, आदबशीर, ऑफिसातल्या मराठीत. अहो-जाहो करून. मी रडले की मांय म्हणायची, तुझी साडी शाळेतली आहे ना, म्हणून. मी मांयचं जुनं पातळ नेसून बसून बघितलं. उपयोग झाला नाही.

तो गेल्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासकाळात गेला. शवपेटीत मी त्याच्या पायांवर ते निळं ब्लॅंकेट घातलं, चहाच्या डागाचं. महिन्याच्या मिसानंतर, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेनंतर, मांयने चणे वाटले ते शेवटच्या उरलेल्या पिशव्यांतून. हातात घेताना कोणी हसलं नाही. अर्ध्या गावाला आता त्या पिशव्या कसल्या ते माहीत आहे, आता सगळेच विमानात बसतात.

तो जाण्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती, मांय मागे न्हाणीत होती. मी त्याच्या खाटेजवळ खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. तो जागा झाला, कोपरावर टेकून थोडा उठला आणि अंथरुणावरचे माझे कागद, चष्म्याचं घर, पेन, सगळं हळूहळू गोळा करायला लागला. हाताला लागलं ते उशीजवळ एकावर एक ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी दोन खुर्च्यांपलीकडून बघितलं होतं, तसंच.

"मॅडम," तो म्हणाला, "काही राहिलं का?"

इतकी वर्षं मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. आता ऐकणारा होता की नाही ते देवाला ठाऊक, पण मी उत्तर दिलं. त्याचा हात धरला, रबरी मोजे नसलेला, हलका झालेला हात, आणि म्हटलं, "रवलो. माझो पाय रवलो हय."

तो विचारात पडला. मग खाटेच्या कडेवरून त्रासानं वाकला. माझ्या खुर्चीखाली बघितलं, साडीच्या काठाखाली बघितलं. बोटानं मोजलं. एक, दोन. मान वर करून, कोणाची हरवलेली वस्तू सापडल्यावर हसतात तसा, हसला.

"दोन्ही आहेत, मॅडम," तो म्हणाला. "सावकाश उतरा. शिडी ओली आहे."